दुसऱ्या क्रमांकाची जबाबदारी

मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन कादंबरीकाराने २००२ साली इंटरनेटवर ‘नेशनस्टेट्स’ हा राज्यकारभाराचा खेळ सुरू केला. त्यात प्रत्येक जण एक काल्पनिक राष्ट्र चालवितो. अशी राष्ट्रे मिळून एक प्रदेश होतो. जागतिक सभेची सभासद-राष्ट्रे आपापल्या प्रदेशात एकमेकांना पाठिंबा देतात. ज्याला पाठिंबा सर्वांत जास्त, तो प्रदेशाचा प्रतिनिधी. कित्येक ठिकाणी इतरांना प्रदेशाबाहेर घालविण्याची सत्ताही त्याच्या हाती असते.

म्हणून काही प्रदेश मतदान करून उपप्रतिनिधी निवडतात. आता हे पद मिळवावयाचे कसे? दारोदार हिंडावे तसा पाठिंबा मागावा लागतो. पण खरी मेख पुढेच आहे. पाठिंबा कमी पडला आणि प्रतिनिधी एकाएकी निघून गेला, तर गादी भलत्याच्याच हाती जाते. उलट तो प्रतिनिधीहून जास्त झाला, तर उपप्रतिनिधीच गादीवर बसतो. लोक त्याला बंड म्हणतात! तेव्हा उमेदवाराला वेळेवर थांबता येते का, हे जाणती माणसे आधी पाहतात.

गुरुजनहो, शालेय मंत्रिमंडळात उपमुख्यमंत्री निवडताना मुलांना एवढेच विचारा: “पाठिंबा वाढत गेला, तर तू कुठे थांबशील?”