आकसण्याचा हिशेब

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सकाळी पोहोचलो, तेव्हा शेवटचं लाकडी खोकं कंटेनरमध्ये चढत होतं. डोकावून पाहिलं तर वरची निम्मी जागा रिकामीच. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, असंच असतं; वीस फुटी कंटेनर जागेआधी वजनानं भरतो. वीस टन झाले की दार लागतं, ई-सील बसतं आणि गाडी कऱ्हाड, सातारा, खंबाटकी करत न्हावा शेवाला निघते. हा माल जर्मनीला चालला होता.

मालकांनी आधी पॅटर्न शॉपमध्ये नेलं. तिथल्या वयस्कर कारागिरानं एक मोजपट्टी हातात दिली. नेहमीच्या पट्टीशेजारी धरली, तर ती किंचित लांब. वितळलेलं बीड थंड होताना शंभराला एकाच्या आसपास आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. ती वाढ या पट्टीतच धरलेली. उसाचे चरक आणि ऑइल इंजिनं घडवणाऱ्या उद्यमनगरच्या मिस्त्रींपासून ही समज कोल्हापुरात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे.

"बीड किती आकसणार ते आम्हाला ठाऊक आहे," मालक म्हणाले. "पैसा किती आकसणार, त्याची पट्टी कुठं मिळते?"

केबिनमध्ये त्यांनी वही उघडली. किलोला दोन युरो. वीस टनांचे चाळीस हजार युरो. म्हणजे युरो एका रुपयानं हलला की एका कंटेनरमागे चाळीस हजार रुपये इकडचे तिकडे. हा दर त्यांनी गिऱ्हाइकाला कळवला पाच महिन्यांपूर्वी. मग पॅटर्न, नमुने, मंजुरी, ओतकाम. माल जहाजावर चढल्यावर नव्वद दिवसांनी पैसे. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे 2023 च्या अखेरीपासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि गिऱ्हाईक माल हाती येईपर्यंत पैशाचं नाव काढेना. भाव ठरला एका ऋतूत, रुपये मिळणार तिसऱ्यात.

रुपया घसरला की निर्यातदाराची चांदी, असं आपण सहज बोलून जातो. मीही तसाच समज घेऊन गेलो होतो. त्यांनी 2022 ची पानं दाखवली. त्या वर्षी डॉलर पंचाहत्तरच्या आसपासवरून जुलैत ऐंशीला भिडला. पण त्याच जुलैत युरो स्वतः डॉलरच्या बरोबरीला आला. रुपया डॉलरपुढं पडला, युरो त्याहून जास्त पडला. परिणामी युरोत बिल करणाऱ्याच्या हातात युरोमागे आधीपेक्षा कमी रुपये आले. खर्च मात्र डॉलरच्या बाजूनं वाढत होता. जहाजाचं भाडं डॉलरमध्ये. पिग आयर्नसाठी लागणारा कोकिंग कोळसा मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येतो, तोही डॉलरमध्ये. त्यामुळे पिग देशातल्या भट्टीतून आलं तरी त्याच्या किमतीत डॉलर असतोच. स्थानिक म्हणून उरतात वाळू, वीज आणि माणसांची मजुरी.

रुपया खरोखर उतरतो, तेव्हाही फायदा पुरता पदरात पडत नाही. परदेशातला खरेदी अधिकारी रोजचा भाव बघतच असतो. तुमचं चलन उतरलंय, दर कमी करा, अशी मेल येते. रुपया वधारला की दर वाढवून द्या म्हणून आपण मेल करतो; तिचं उत्तर सावकाश येतं. मला हा व्यवहार अन्यायाचा वाटतो, पण शेजारच्याच शेडमध्ये तोच माल ओतणारा दुसरा कोणी असताना छोट्या कारखानदाराला मान ताठ ठेवणं अवघड जातं.

उपाय आहे तो फॉरवर्डचा. पुढं येणारे युरो आजच ठरलेल्या भावानं बँकेला विकून ठेवायचे. भारतातला व्याजदर युरोपपेक्षा चढा असल्यानं पुढच्या महिन्यांचा भाव सहसा आजच्यापेक्षा थोडा वरच मिळतो. बँक मधले काही पैसे आपल्यासाठी कापते आणि छोट्याला ते जास्त कापले जातात. 2019 मध्ये एफएक्स-रिटेल ही खुली व्यवस्था सुरू झाली, तिथं बाजारातला डॉलरचा भाव स्वतः बघता येतो. प्रत्येक निर्यातदार फाउंड्रीनं तिथं खातं उघडावं, असं मी आग्रहानं म्हणेन.

पण फॉरवर्डचा जुगारही होतो. 2007 मध्ये डॉलर चाळिशीखाली गेला, तेव्हा घाबरून देशातल्या कितीतरी निर्यातदारांनी न समजलेले गुंतागुंतीचे करार केले आणि पुढच्याच वर्षी बाजार उलटा फिरल्यावर त्यांना मोठा तोटा झाला. मालकांचा नियम त्यामुळे साधा आहे: माल असेल तरच करार, आणि तोही निम्म्याचा.

साडेनऊला त्यांनी बँकेला फोन लावला. काही पैशांवर घासाघीस झाली. "वीस हजार बुक करा," म्हणाले, आणि भाव वहीत लिहिला. शेजारचा रकाना कोरा सोडला. उरलेले वीस हजार ज्या दिवशी जमा होतील, त्या दिवशीचा भाव तिथं येईल.

बाहेर कंटेनर वजनकाट्यावर उभा होता. भट्टीवर पुढची हीट तयार झाली होती. चौदाशे अंशांच्या आसपासचं बीड लाडलमध्ये उतरत होतं. मालक वही मिटून तिकडं चालू लागले.