दोन महायुद्धे, दोन महार पलटणी

विद्यार्थी मित्रांना कोरेगावचा १ जानेवारी १८१८ चा रणसंग्राम माहीत असतो. परंतु विसाव्या शतकातील दोन्ही महायुद्धांत दोस्त राष्ट्रांच्या बाजूने आपल्या समाजाच्या स्वतंत्र पलटणी उभ्या राहिल्या होत्या, हे फारसे वाचनात येत नाही. पहिली '१११ वी महार्स', दुसरी 'महार रेजिमेंट'. पहिली चार वर्षांत संपली, दुसरी आजही आहे. असे का झाले?

१८९० च्या दशकात इंग्रजांनी 'लढाऊ जातीं'चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. उपयोग झाला नाही. पुढे महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा जून १९१७ मध्ये १११ वी महार्स उभी राहिली. तिला प्रत्यक्ष लढाईची संधी फारशी मिळाली नाही. १९२० साली ती ७१ व्या पंजाबी पलटणीत विलीन झाली व मार्च १९२१ मध्ये मोडली गेली. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत ही हंगामी नेमणूक होती.

जुलै १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीवर गेले. त्यांनी सरकारकडे स्वतंत्र पलटणीचा आग्रह धरला आणि त्याच वेळी समाजाला भरतीचे आवाहन केले. ऑक्टोबरमध्ये बेळगावला पहिली बटालियन उभी राहिली. टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पहिली व तिसरी बटालियन वायव्य सरहद्दीवर राहिल्या. दुसरी ब्रह्मदेशात व नंतर इराकमध्ये गेली. म्हणजे रणांगणातील मोठ्या कीर्तीमुळे ही रेजिमेंट टिकली, असे म्हणता येत नाही. अर्ज १९१७ पूर्वीही होतेच. पण निर्णय होतो तिथे आपला माणूस नव्हता. आमच्या मते खरा फरक हाच.

युद्ध संपताच कपात पुन्हा आली. १९४६ मध्ये २५ वी बटालियन मोडली. मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उरलेल्यांची मशीनगन रेजिमेंट झाली. तिवईवरची, नळीभोवती पाणी भरावे लागणारी विकर्स गन चालवायला जवानांची शिकलेली तुकडी लागते. अशी माणसे सहजासहजी घरी पाठवली जात नाहीत.

स्वातंत्र्यानंतर बिल्ल्यावरचा स्तंभ गेला, खंजीर आला. केंद्र मध्य प्रदेशातील सागरला आहे. आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ मधील श्रीलंकेतील पराक्रमाबद्दल मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. आज या रेजिमेंटमध्ये सर्व जातींचे जवान आहेत.