वृद्ध मांजरातील थायरॉईडचा विकार आणि उपचाराची निवड : ग्रामीण भागाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव हे अकोला-वाशीम मार्गावरील तालुक्याचे ठिकाण आहे. अशा कृषिप्रधान भागात पशुवैद्यकीय सेवेचा भर स्वाभाविकपणे गाई, म्हशी, बैल व शेळ्या यांच्यावर असतो. मांजर मात्र धान्याची राखण करीत वर्षानुवर्षे घरात वावरते आणि म्हातारपणी ते खंगू लागले की ‘वय झाले’ एवढ्यावर विषय संपतो. परंतु खंगण्याचे कारण प्रत्येक वेळी वय हेच नसते. अवटू ग्रंथीचा, म्हणजेच थायरॉईडचा अतिस्राव हे त्याचे एक उपचारयोग्य कारण आहे. प्रस्तुत लेखात या विकाराचे स्वरूप, निदान व उपचारांचे पर्याय यांचा परामर्श घेऊन निर्णयाचा योग्य क्रम कोणता, याचे विवेचन केले आहे.

विकाराचे स्वरूप :

मांजरातील या विकाराचे वर्णन अमेरिकेत १९७९-८० च्या सुमारास प्रथम झाले. तो प्रामुख्याने दहा वर्षांपुढील मांजरांत आढळतो. गळ्यातील ग्रंथीची वाढ बहुतेक वेळा साधी असते. कर्करोगाचे प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच असते. भरपूर खाऊनही वजन घटणे, तहान व लघवी वाढणे, उलट्या, अस्वस्थता आणि हृदयाचे जलद ठोके ही त्याची प्रमुख लक्षणे होत. उपचाराअभावी हृदयावर ताण येतो. रक्तदाब फार वाढल्यास मांजराची दृष्टी अचानक जाऊ शकते.

निदानातील एक धोका :

निदानासाठी रक्तातील एकूण टी-४ या संप्रेरकाचे प्रमाण मोजतात. लहान गावातून हा नमुना माणसांच्या प्रयोगशाळेत जाण्याची शक्यता असते आणि तेथेच चूक संभवते. माणसात टी-४ चे सामान्य प्रमाण साधारणतः ५ ते १२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर असते, तर मांजरात ते सुमारे १ ते ४ असते. त्यामुळे मांजराचे प्रमाण ८ आले, तर छापील अहवालात ते ‘सामान्य’ दिसेल. प्रत्यक्षात मांजर आजारी असेल. म्हणून अहवाल मांजराच्या मर्यादेनुसार पशुवैद्यकाकडूनच वाचून घ्यावा. टी-४ सोबत क्रिएटिनिन, यकृताची तपासणी, रक्तपेशींची गणना, लघवीची तपासणी व शक्य असल्यास रक्तदाब यांचीही नोंद आवश्यक ठरते.

उपचारांचे पर्याय :

१) गोळ्या : मेथिमाझोल किंवा शरीरात त्याचेच रूप घेणारे कार्बिमाझोल संप्रेरकाची निर्मिती रोखते. ग्रंथीचा दोष मात्र कायम राहतो. गोळी थांबली की विकार उलटतो. म्हणून ती आयुष्यभर द्यावी लागते. उलट्या, चेहऱ्याला तीव्र खाज, रक्तपेशी घटणे व यकृताला इजा हे दुष्परिणाम विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत संभवतात. माणसाची मात्रा मांजराला देऊ नये. घरातील गर्भवती स्त्रीने या गोळ्या हाताळू नयेत.

२) शस्त्रक्रिया : वाढलेली ग्रंथी काढल्यास विकार बरा होऊ शकतो. तथापि वृद्ध मांजरास भूल देण्याचा धोका असतो. शेजारच्या लहान ग्रंथींना इजा झाल्यास रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत घटते.

३) किरणोत्सारी आयोडीन : मुंबईत परळ येथे १९६३ साली स्थापन झालेल्या विकिरण औषध केंद्रामुळे माणसांवरील हा उपचार महाराष्ट्राला परिचित आहे. मांजरांत एकाच मात्रेने सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे होतात. परंतु मलमूत्रातून किरणोत्सार होत असल्याने मांजरास काही काळ वेगळे ठेवावे लागते. त्यासाठी परवानाप्राप्त व्यवस्था अनिवार्य असल्यामुळे हा पर्याय मोजक्याच ठिकाणी शक्य होतो.

४) अल्प आयोडीनयुक्त आहार : यात दुसरा एकही घास चालत नाही. दूध-पोळी खाणाऱ्या व उंदीर पकडणाऱ्या मोकळ्या मांजराच्या बाबतीत तो व्यवहार्य नाही.

मूत्रपिंडाचा प्रश्न आणि निवडीचा क्रम :

थायरॉईडच्या अतिस्रावामुळे मूत्रपिंडातील रक्तप्रवाह वाढतो, त्यामुळे मूत्रपिंडाचा जुना आजार झाकला जातो. उपचाराने संप्रेरक सामान्य झाले की तो उघड होतो. हा दोष औषधाने निर्माण केलेला नसतो. तो आधीपासून असतो, फक्त आता दिसतो. म्हणूनच परत फिरता येईल असा उपचार आधी व कायमस्वरूपी उपचार नंतर, हा क्रम तर्कसंगत ठरतो. अल्प मात्रेतील गोळ्या सुरू करून दोन ते चार आठवड्यांनी टी-४, क्रिएटिनिन व रक्तपेशी पुन्हा तपासाव्यात. मूत्रपिंडे समाधानकारक असल्यास शस्त्रक्रिया अथवा आयोडीनचा विचार करता येतो. ती दुर्बल आढळल्यास मात्रा जपून ठरवावी लागते.

अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या १६७ मांजरांच्या अभ्यासात केवळ गोळ्यांवरील मांजरे मध्यमानाने दोन वर्षे, तर किरणोत्सारी आयोडीन दिलेली चार वर्षे जगली. मूत्रपिंडाचा आजार आधीच असलेल्या मांजरांचे आयुष्य मात्र कमी होते. ही पूर्वीच्या नोंदींवरून केलेली पाहणी असल्याने, केवळ उपचारामुळेच हा फरक पडला असे म्हणता येत नाही.

मालेगावच्या संदर्भात अकोला येथील स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था, तसेच नागपूर व मुंबई येथील पशुवैद्यक महाविद्यालये ही मार्गदर्शनाची ठिकाणे होत. तथापि प्रवासाचा ताण, तपासण्यांचा आवर्ती खर्च आणि रोज गोळी देण्याची घरच्यांची क्षमता यांचाही निर्णयात समावेश झाला पाहिजे. गोळीच्या धास्तीने मांजर घरी येईनासे झाले, तर कागदावरचा उत्तम उपचारही निष्फळ ठरतो. अतिजर्जर मांजराबाबत केवळ वेदना व त्रास कमी करण्याचा निर्णयही, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने घेतल्यास, जबाबदारीचाच असतो.

निष्कर्ष :

वृद्ध मांजराचे खंगणे हे वार्धक्य मानण्यापूर्वी एक रक्ततपासणी व्हावी आणि तिचे वाचन मांजराच्या मर्यादेनुसार व्हावे. उपचाराची सुरुवात गोळ्यांनी करून मूत्रपिंडांची खरी स्थिती जाणून घ्यावी व त्यानंतरच कायमचा निर्णय करावा. सर्वांत प्रभावी उपचार कोणता, या प्रश्नाइतकाच या मांजराला व या घराला झेपेल असा उपचार कोणता, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.