एकाचा दोष, सर्वांचा खोळंबा

मोठी रुग्णालये, कारखान्यांच्या लेखाशाखा, सरकारी कचेऱ्या अशा ठिकाणी आज पुष्कळदा असे दिसते की, प्रत्येकाच्या मेजावर पडदा आणि कळफलक स्वतंत्र असला, तरी प्रत्यक्ष काम करणारा संगणक एकच असतो. तो दुसऱ्या खोलीत, कधी दुसऱ्या गावीही असतो आणि तीसचाळीस माणसे एकाच वेळी त्याच्यावर आपापली कामे चालवितात. अशा सामायिक संगणकास टर्मिनल सर्व्हर म्हणतात. मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ४.० ची या कामासाठी वेगळी आवृत्ती १९९८ साली काढली; २००९ पासून ही सोय रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस या नावाने ओळखली जाते. या व्यवस्थेत खर्च वाचतो आणि देखरेख सोपी होते. परंतु तिच्यात एक वर्म आहे, आणि ते बहुधा छपाईच्या वेळी उघडे पडते. एकाने साधी पावती छापावयास पाठवावी आणि त्या क्षणापासून कोणाचाच कागद निघू नये, असे घडते. बिल छापून निघत नाही म्हणून बरा झालेला रोगी घरी जाण्यासाठी ताटकळत बसतो. अशा वेळी बिघाड संगणकाचा असला तरी त्रास माणसांना होतो.

याचे मूळ ड्रायव्हरमध्ये असते. प्रत्येक कंपनीच्या, किंबहुना प्रत्येक नमुन्याच्या प्रिंटरची भाषा निराळी असते. संगणकाचे म्हणणे त्या भाषेत सांगणारा जो छोटा कार्यक्रम, तोच ड्रायव्हर. त्याला दुभाष्या म्हटले तर चालेल. घरच्या संगणकावर दुभाष्या चुकला, तर एका माणसाचे काम अडते. सामायिक संगणकावर मात्र सर्वांच्या छपाईची रांग लावणारी यंत्रणा एकच असते. तिला स्पूलर म्हणतात. सर्व ड्रायव्हर मूळच्या पद्धतीप्रमाणे या स्पूलरच्याच पोटात चालतात. त्यांपैकी एक कोसळला की स्पूलर कोसळतो, आणि सुक्याबरोबर ओलेही जळते.

पूर्वी तर स्थिती याहून बिकट होती. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये ड्रायव्हरला संगणकाच्या अगदी गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये प्रवेश होता. तेथे त्याने चूक केली की केवळ छपाईच नव्हे, सारा सर्व्हरच बंद पडे, आणि चाळीस जणांचे अर्धवट काम वाया जाई. विंडोज २००० पासून ड्रायव्हर गाभ्याबाहेर चालविण्याची सोय झाली, आणि विंडोज सर्व्हर २००३ ने गाभ्यात शिरणाऱ्या ड्रायव्हरना प्रारंभीच मज्जाव केला. २००९ च्या विंडोज सर्व्हर २००८ आर२ मध्ये आणखी एक पाऊल पडले. संशयास्पद ड्रायव्हरला स्पूलरपासून वेगळ्या कक्षात चालविता येऊ लागले. तो कोसळला तरी स्पूलर आणि इतरांची छपाई चालू राहते. ही सोय असूनही अनेक ठिकाणी ती कोणी वापरीत नाही.

दुसरा घोटाळा नावांचा. दूर बसलेल्या माणसाच्या मेजावरचा प्रिंटर सर्व्हरवरील कामातही दिसावा, म्हणून त्या प्रिंटरच्या ड्रायव्हरचे नाव सर्व्हरला कळविले जाते. जुन्या पद्धतीत हे नाव सर्व्हरवरील ड्रायव्हरच्या नावाशी अक्षरशः जुळावे लागे. एखादा शब्द अधिक-उणा झाला, तरी प्रिंटर दिसत नसे. मग कोणी तरी तारा हलवून पाही, कोणी प्रिंटरच बदली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार. वास्तविक सर्व्हरच्या घटना-नोंदवहीत ११११ या क्रमांकाखाली, अमुक ड्रायव्हर ओळखीचा नाही, अशी स्पष्ट नोंद झालेली असते; ती वाचली की पुरे. २००८ मध्ये ईझी प्रिंट नावाची युक्ती आली. तिच्यामुळे सर्व्हरवर त्या प्रिंटरचा ड्रायव्हर लागतच नाही. मजकूर एका सामान्य स्वरूपात माणसाच्या मेजावरील संगणकाकडे जातो आणि तेथील ड्रायव्हर तो छापतो. मात्र लेबले किंवा चेक छापणाऱ्या खास प्रिंटरच्या बाबतीत ही युक्ती नेहमीच पुरी पडते असे नाही.

छपाई अडली की पहिला उपाय म्हणून सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करण्याची सवय पुष्कळांना असते. हा उपाय महाग आहे, कारण त्यात सर्वांचेच काम थांबते. शिवाय तो अनेकदा फोल ठरतो. ज्या कागदावर ड्रायव्हर अडखळला, त्याची फाइल स्पूलरच्या फोल्डरमध्ये तशीच पडून असते. स्पूलर पुन्हा उठतो, तीच फाइल वाचतो आणि पुन्हा कोसळतो. म्हणून केवळ स्पूलर थांबवावा, रांगेतील फाइली पुसून न टाकता बाजूला काढून ठेवाव्यात आणि मग स्पूलर सुरू करावा. बाजूला काढलेली फाइल हाच पुढे दोष शोधण्याचा पुरावा ठरतो. ज्यांचे कागद रांगेत होते, त्यांना ते पुन्हा पाठविण्यास सांगणे हेही तितकेच अगत्याचे.

त्यानंतर तपास क्रमाने करावा. अडचण एकाची आहे की सर्वांची, हे आधी पाहावे. एकट्याचीच असेल, तर दोष बहुधा त्याच्या खात्यात किंवा त्याच्या मेजावरील संगणकात असतो. मग नोटपॅडमधून चार साध्या ओळी छापून पाहाव्यात. त्या छापल्या गेल्या आणि हिशेबाचा तक्ता मात्र छापला गेला नाही, तर दोष हिशेबाच्या कार्यक्रमात किंवा त्याच्याशी न जुळणाऱ्या ड्रायव्हरमध्ये शोधावा. त्याच प्रिंटरला दुसरा, साधा ड्रायव्हर लावून पाहावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या की कशाने गुण आला, हे कळत नाही.

सर्वांत मोठा उपाय मात्र आधीचाच आहे. सर्व्हरवर ड्रायव्हर मोजके असावेत. प्रिंटरबरोबर मिळणारे सारे सामान बसविण्याचा मोह टाळावा, आणि नवा ड्रायव्हर आधी वेगळ्या यंत्रावर पारखून घ्यावा. २०२१ साली स्पूलरमधील प्रिंटनाइटमेअर या नावाने गाजलेला सुरक्षा-दोष उघडकीस आला, आणि त्याच वर्षी ड्रायव्हर बसविण्याचा अधिकार मूळ मांडणीतच व्यवस्थापकापुरता मर्यादित झाला. सामान्य कर्मचाऱ्यास हे जाचक वाटले. नवा प्रिंटर जोडण्यासाठीही त्याला वाट पाहावी लागू लागली. पण सार्वजनिक विहिरीत प्रत्येकाने आपापले औषध टाकावयाचे नसते, तोच हा न्याय. पुढे २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने निरनिराळ्या कंपन्यांचे जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने मागे सारून एकाच सामान्य पद्धतीकडे वळण्याचे धोरण जाहीर केले. दुभाष्यांची गर्दी कमी करण्याचाच हा मार्ग होय. तोवर कोणता ड्रायव्हर, कोणत्या दिवशी, कोणासाठी बसविला, याची एक साधी वही प्रत्येक कचेरीने ठेवावी. अडचणीच्या दुपारी कोणत्याही महागड्या साधनापेक्षा त्या वहीचे एक पान अधिक उपयोगी पडते.