लुटीच्या कोठारातली नोंदवही

पॅरिसच्या त्युइलरी बागेच्या कोपऱ्यात, कॉन्कॉर्द चौकाला लागून, ‘ज द पोम’ नावाची एक लांबट इमारत आहे. बंदिस्त जागेत टेनिससारखा खेळ खेळण्यासाठी १८६१ मध्ये ती बांधली गेली. पुढे तिथे परदेशी समकालीन चित्रांचं संग्रहालय झालं. आज छायाचित्रांची प्रदर्शनं भरतात. पण १९४० ते १९४४ या जर्मन ताब्याच्या काळात ती लुटीच्या मालाचं कोठार होती, आणि त्याच कोठारात त्या लुटीविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावाही तयार होत होता.

शेजारच्या लूव्रनं स्वतःची सोय आधीच करून ठेवली होती. युद्ध दाराशी आल्याचं ओळखून राष्ट्रीय संग्रहालयांचे अधिकारी जाक जोजार यांनी २५ ऑगस्ट १९३९ रोजी दुरुस्तीचं कारण सांगून लूव्र बंद केलं. दिवसरात्र बांधाबांध चालली. चित्रं उतरवल्यावर रिकाम्या चौकटी तेवढ्या भिंतींवर राहिल्या. मोनालिसाच्या पेटीवर तीन लाल ठिपके काढले गेले. जगात तोड नसलेल्या ठेव्याची ती खूण होती. पंख पसरलेली विजयदेवतेची संगमरवरी मूर्ती लाकडी उतारावरून इंच इंच खाली उतरवली गेली. जेरिकोचं ‘मेदूझाचा तराफा’ हे सात मीटर लांबीचं चित्र गुंडाळता येण्याजोगं नव्हतं, म्हणून ते नाटकाचे पडदे वाहणाऱ्या गाडीवर उभं करून नेलं. व्हर्सायमध्ये ते ट्रामच्या तारांत अडकलं. अशा रीतीनं हजारो कलाकृती लुआर खोऱ्यातल्या आणि इतर गढ्या-वाड्यांत पांगल्या. जर्मन लष्कराचे कलासंरक्षण अधिकारी काउंट वोल्फ-मेटर्निख यांनीही या सरकारी संग्रहाला हात लागू नये म्हणून आपल्याच वरिष्ठांशी झगडा केला.

पण हे कवच फक्त सरकारी मालमत्तेला होतं. रॉथ्सचाइल्ड, डेव्हिड-वाइल, पॉल रोझेनबर्ग अशा ज्यू संग्राहकांच्या आणि व्यापाऱ्यांच्या घरांना वाली उरला नव्हता. नाझी नेता आल्फ्रेड रोझेनबर्ग याच्या नावानं चालणाऱ्या पथकानं ही घरं आणि तिजोऱ्या फोडल्या. मालक पळून गेले, म्हणून माल बेवारस, अशी मखलाशी केली. ज द पोममध्ये दोनशेहून अधिक संग्रहांतल्या वीस हजारांवर वस्तू आणल्या गेल्या. नाझी राजवटीतला बडा नेता हर्मान ग्योरिंग तिथे सुमारे वीस वेळा आला. त्याच्यासाठी खास मांडणी व्हायची आणि तो मनाजोगती चित्रं निवडून घ्यायचा.

ही लूट दफ्तरशाहीच्या शिस्तीत चालली होती. वस्तू आली की तिला मूळ मालकाच्या नावाचं अक्षर आणि क्रमांक मिळे. रॉथ्सचाइल्डांच्या वस्तूंना ‘आर’. मग छायाचित्र, मग कार्ड. हिटलरसाठी निवडलेल्या पेट्यांवर ‘एच’, ग्योरिंगच्या पेट्यांवर ‘जी’. व्हर्मीरचं ‘खगोलशास्त्रज्ञ’ हे रॉथ्सचाइल्डांचं चित्र असंच ‘एच १३’ पेटीतून जर्मनीला गेलं.

या अक्षर-क्रमांकांवर एका बाईंची नजर होती. रोझ व्हालां. जन्म १८९८ चा, ईझेर प्रांतातल्या एका गावातल्या कारागिराच्या घरातला. कलेचं शिक्षण घेऊनही त्या वर्षानुवर्षं या संग्रहालयात बिनपगारी काम करत होत्या. काहीही झालं तरी जागा सोडू नका, असं जोजार यांनी त्यांना सांगून ठेवलं होतं. जर्मन त्यांना समजत असे, पण त्यांनी ते कोणाला कळू दिलं नाही. साध्या, अबोल कर्मचारी बाईंसमोर अधिकारी मोकळेपणानं बोलत. कोणतं चित्र कोणाचं, कोणत्या पेटीत गेलं, गाडी कुठे निघाली, हे त्या ऐकून लिहून ठेवत. कचऱ्याच्या टोपलीतले कार्बन कागद तपासत. निगेटिव्ह रात्रीपुरत्या बाहेर नेऊन त्यांच्या प्रती करवून घेत आणि सकाळी जागच्या जागी ठेवत. त्यांना अनेकदा हाकलून दिलं गेलं, गोळी घालण्याची धमकीही मिळाली. दर वेळी त्या परत आल्या.

१ ऑगस्ट १९४४ रोजी आधुनिक चित्रांच्या १४८ पेट्या रेल्वेच्या पाच डब्यांत भरल्या गेल्या. व्हालां यांनी ही खबर जोजार यांच्यामार्फत रेल्वे कामगारांपर्यंत पोहोचवली. नाना सबबींखाली गाडी पॅरिसच्या आसपासच रखडवली गेली. २७ ऑगस्टला फ्रेंच सैन्याच्या तुकडीनं तिचा ताबा घेतला. तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट अलेक्झांद्र रोझेनबर्ग हे पॉल रोझेनबर्ग यांचे चिरंजीव. पेट्यांत त्यांच्या वडिलांचीही चित्रं निघाली.

पुढे व्हालां यांनी आपली माहिती अमेरिकी अधिकारी जेम्स रॉरिमर यांच्या हवाली केली. तिच्या आधारे ते बव्हेरियातल्या नॉयश्वानस्टाइन किल्ल्यापर्यंत पोहोचले. तिथे चोरीचा माल तर होताच, शिवाय पथकाचं दफ्तर, कार्डं आणि छायाचित्रंही होती. व्हालां स्वतः फ्रेंच सैन्यात कॅप्टन होऊन अनेक वर्षं जर्मनीत शोध घेत राहिल्या. जर्मनीतून सुमारे साठ हजार वस्तू फ्रान्सला परत आल्या, त्यांतल्या पंचेचाळीस हजारांच्या आसपास मालकांना किंवा वारसांना मिळाल्या. ‘खगोलशास्त्रज्ञ’ही रॉथ्सचाइल्डांकडे परतलं, आता ते लूव्रमध्ये आहे.

संग्रहालयाचं रक्षण म्हटलं की कुलुपं, पहारे, तळघरं डोळ्यांसमोर येतात. ती हवीतच. पण शत्रू आत शिरून मालक होऊन बसला की कुलपाची किल्लीच त्याच्या हाती जाते. त्यानंतर वस्तू आणि तिचा माणूस यांचं नातं टिकवते ती नोंदच. चित्र कुठेतरी सापडेलही, पण ते कोणाचं हे सांगणारा कागद नसेल, तर ते परत कोणाला देणार? फ्रेंच संग्रहालयांत आजही अशा परत आलेल्या सुमारे दोन हजार कलाकृती आहेत. त्या सरकारी मालकीच्या नाहीत. वारस मिळेपर्यंत नुसत्या सांभाळल्या जात आहेत.

१९५४ च्या हेग करारानं युद्धकाळात सांस्कृतिक वारसा जपणं हे राष्ट्रांचं कर्तव्य ठरवलं. त्या कर्तव्याची सुरुवात शांततेच्या दिवसांतच व्हायला हवी. प्रत्येक वस्तूचं स्पष्ट छायाचित्र, मापं, ती कोणाकडून आली याचा दाखला, आणि या सगळ्याची एक प्रत दुसऱ्या जागी. कोणत्याही गावातल्या लहानशा संग्रहालयालाही हे परवडतं. व्हालां यांच्या हाती तर कागद, पेन्सिल आणि चिकाटी एवढंच होतं, आणि तेवढ्यावर हजारो वस्तूंना आपल्या माणसांकडे परतण्याची वाट मिळाली.