पाय सुजला, आणि डॉक्टरांनी विचारलं, मुलं किती?

आमच्या मोहल्ल्यातल्या एका गृहस्थांची डावी पोटरी सुजली. उजवी ठीक, फक्त डावीच. पंचेचाळिशीतला माणूस, उंच, दाढी विरळ. घरच्यांनी तिळाचं तेल कोमट करून पोटरी चोळायला घेतली. तिसऱ्या दिवशी दम लागला, छातीत कळ आली, तेव्हा कुठे रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी सोबत होतो. तपासता तपासता तरुण डॉक्टरांनी विचारलं, ‘चाचा, मुलं किती?’ चाचा गप्प. मला रागच आला. पाय दुखतोय, आणि हा मुलांची चौकशी कसली करतोय?

प्रश्न बरोबर होता, हे पुढे कळलं.

श्रोतेहो, पुरुषाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. त्यांतलं एक एक्स, एक वाय. काहींच्या वाट्याला जन्मतःच एक एक्स जास्तीचा येतो. १९४२ मध्ये बोस्टनच्या हॅरी क्लाइनफेल्टर या तरुण डॉक्टरांनी सहकाऱ्यांसह अशा नऊ पुरुषांची लक्षणं लिहून ठेवली. त्यामागे जादा एक्स आहे, हे १९५९ मध्ये एडिनबरात पॅट्रिशिया जेकब्ज आणि जॉन स्ट्राँग यांनी दाखवून दिलं. हा प्रकार दुर्मीळ नाही. साधारण सहाशे-साडेसहाशे मुलग्यांमागे एक. आईबापाच्या कुठल्या चुकीने तो होत नाही. वृषण लहान राहतात, टेस्टोस्टेरॉन कमी पडतं, आणि बहुधा आपसूक मूल होत नाही. बाकी माणूस नोकरीधंदा करतो, संसार करतो. बहुतेकांना आयुष्यभर पत्ताच लागत नाही.

आता पायाकडे येऊ. जखम झाली की रक्त गोठतं, आणि काम झालं की शरीरच ती गुठळी विरघळवतं. दोन्ही कामं आत सतत चालू असतात. या पुरुषांच्या रक्तात विरघळवण्याच्या कामाला लगाम घालणारं एक प्रथिन जास्त आढळतं. त्यात पोटावरची चरबी आणि टेस्टोस्टेरॉनची उणीव यांची भर. डेन्मार्क आणि स्वीडन या देशांत साऱ्या नागरिकांच्या आजारांच्या नोंदी ठेवतात. त्या पाहिल्या, तर शिरेत गुठळी होण्याचा धोका या पुरुषांना इतरांपेक्षा साधारण चार ते सहा पट दिसतो.

गुठळी बहुधा पायाच्या खोल शिरेत धरते. तिथून सुटली, की रक्ताबरोबर थेट फुप्फुसात जाऊन अडकते. म्हणून एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, दुखला, तर तो चोळू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. शिरांची सोनोग्राफी होते, तिला डॉपलर म्हणतात. त्यात गुठळी दिसते. घोट्याजवळची महिनोन्‌महिने न भरणारी जखम हीसुद्धा या पुरुषांत आढळणारी खूण. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं चालू असतील, तर रक्त दाट होत नाही ना, हे अधूनमधून तपासावं लागतं. आपल्या मनाने डोस वाढवायचा नाही.

पण हे कळणार कसं? शब्दांशी माझा रोजचा व्यवहार, म्हणून सांगतो. ‘वांझ’ हा शब्द आपण बाईच्या माथी मारला, आणि पुरुषासाठी जे शब्द ठेवले त्या सगळ्या शिव्या. मग कोण कशाला तपासायला जाईल? चाचांच्या बायकोने अठरा वर्षं तपासण्या केल्या, नवस केले, सासरची बोलणी खाल्ली. चाचांचं रक्त गुणसूत्रांच्या तपासणीला पहिल्यांदा गेलं, ते या सुजलेल्या पायामुळे. जादा एक्स तेव्हा सापडला. विशीत तपासणी झाली असती, तर पाय सुजताच घरात कुणी तेलाची बाटली काढली नसती.

आता चाचा रक्त पातळ करणारी गोळी न चुकता घेतात. दाढी करताना कापलं तर रक्त लवकर थांबत नाही, अशी कुरकुरही करतात. एसटीने लांबच्या गावी निघाले, की प्रत्येक स्टँडवर उतरून दोन फेऱ्या मारतात. कंडक्टर ओरडतो. चाची खिडकीतून त्याला सांगते, ‘थांबा हो जरा, त्यांना चालू द्या.’