पतंग कटतो, मांजा झाडावरच राहतो

वाडी, अंबाझरी आणि गोरेवाडा हा नागपूरच्या पश्चिमेचा पट्टा हिवाळ्यात पक्षी बघणाऱ्यांचा आवडता. तलावांवर पाहुणी बदकं उतरलेली असतात आणि नेमकी त्याच दिवसांत संक्रांत येते. आकाशात ‘ओ काट’चा गजर होतो, पण कटलेला नायलॉन मांजा बाभळीवर, विजेच्या तारांवर तसाच लोंबत राहतो. सुती दोरा उन्हापावसात कुजतो, तुटतो. नायलॉन मांजा लवकर कुजत नाही. म्हणून एप्रिल-मेमध्येही त्यात घारी, बगळे, घुबडं अडकतात. दिवस मावळताना रातथाऱ्याकडे परतणाऱ्या बगळ्याला बारीक दोरा दिसतच नाही. पंख अडकला की तो फडफडतो, आणि प्रत्येक झटक्यासरशी दोरा पंखाच्या सांध्यात आणखी रुततो. स्नायू कापला गेला, तर जीव वाचूनही उडणं कायमचं थांबू शकतं.

राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये अशा मांजावर देशभर बंदी घातली. तरी तो विकला जातो, कारण घेणारे आहेत. मुलांच्या हातात साधा सुती दोरा देणं घरातल्या मोठ्यांच्याच हातात आहे.

अडकलेला पक्षी दिसला, तर दोरा ओढू नका. त्याच्यावर कापड टाका, दोन्ही बाजूंनी दोरा कापा, शरीरात रुतलेला भाग तसाच ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवून सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला न्या, किंवा वनविभागाला 1926 वर कळवा. तारेवर अडकला असेल, तर आधी वीज कंपनीला फोन करा.